गच्चीवर मासे, गच्चीवर भाजी : ठाण्यातलं घरगुती ॲक्वापोनिक्स, पायरीपायरीनं

पहिल्या वर्षी मी ज्या दिवशी टाकी भरली, त्याच संध्याकाळी तिच्यात वीस मासे सोडले. दहाव्या दिवशी सकाळी गच्चीवर गेले तर अकरा मासे पालथे तरंगत होते. पाणी अगदी नितळ होतं, तळातले गोटे मोजता येत होते. त्या नितळ पाण्यात माशांचाच अमोनिया साठला होता आणि तो डोळ्यांना दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गेल्या काही वर्षांत आमच्या वर्तकनगरच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर जे उभं राहिलं, ते त्या सकाळनंतर शिकत शिकत. हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण नवीन माणूस घाई करतो ती नेमकी इथेच. क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी पाणी, मग मासे, आणि मासे जेवढं खातील तेवढीच भाजी.

ॲक्वापोनिक्सचं तत्त्व सोपं आहे. मासे खातात आणि त्यांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा हे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विष, नायट्रेट मात्र झाडांचं खत. झाडांनी ते शोषलं की तेच पाणी परत माशांकडे. माती नाही, रासायनिक खत नाही. पाणी फक्त बाष्प होऊन आणि पानांतून उडतं तेवढंच रोज भरायचं : ५०० लिटरच्या टाकीत एरवी ५ ते १५ लिटर, एप्रिल-मे महिन्यांत त्याहून जास्त.

जागा आणि वजन

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात आधी हीच करा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब आपल्याकडच्या बांधकाम संहितेनुसार साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखतात. म्हणजे गच्चीभर पसरलेलं पाणी फक्त १५ सेंटिमीटर उंचीचं. अर्धा मीटर पाण्याची टाकी तुम्ही स्लॅबच्या मधोमध ठेवली, तर तेवढ्या जागेवर तिपटीहून अधिक भार पडला. इमारत तीस वर्षं जुनी असेल, वर वॉटरप्रूफिंगचे दोन-तीन थर चढले असतील, तर तेही वजन आधीच बसलेलं आहे.

म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्चीवर बोलवा, खालच्या मजल्यावरचे तुळया-खांब कुठून जातात ते खडूनं वर आखून घ्या, आणि टाकी खांबाजवळ, तुळईच्या डोक्यावर ठेवा. खाली लोखंडी स्टँड करा, म्हणजे वजन दोन तुळयांवर वाटलं जाईल. पायांखाली रुंद पट्ट्या आणि रबर ठेवा. स्लॅबमध्ये एकही खिळा किंवा बोल्ट ठोकू नका, वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की खालच्या घरात गळती आणि सोसायटीत वाद.

सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते, तेव्हा सर्वसाधारण सभेत विषय मांडून लेखी ठराव घ्या. कायमची शेड बांधकामात धरली जाऊ शकते, त्याचीही पालिकेत आधी विचारणा करा. वाशी, नेरूळ, कोपरखैरणेकडची सिडकोची रो-हाऊस किंवा गावठाणातलं अंगण असलेलं घर असेल तर तुमची निम्मी काळजी मिटली. जमिनीवर वजनाचा प्रश्नच नाही. तिथे खुशाल हजार लिटरची टाकी ठेवा.

इथून पुढची मापं एका छोट्या मांडणीची आहेत : ५०० लिटरची एक टाकी, प्रत्येकी साधारण १ चौरस मीटरचे आणि ३० सेंटिमीटर खोल असे दोन वाफे. सगळं मिळून दहा बाय बारा फुटांत बसतं.

छप्पर : इथे ग्रीनहाऊस म्हणजे छत्री

ग्रीनहाऊस म्हटलं की चारही बाजूंनी बंद प्लास्टिकचं घर डोळ्यांपुढे येतं. थंड मुलखात ते ऊब धरण्यासाठी बांधतात. ठाण्यात ऊब आपल्याला फुकट आणि नको तेवढी मिळते. इथे बंद पॉलीहाऊस केलं तर मे महिन्यात आतली पालक दुपारपर्यंत मान टाकते. आपल्याला छप्पर हवं ते पावसापासून आणि उन्हापासून. बाजू उघड्याच हव्यात.

सव्वा इंची जीआय पाइपचा सांगाडा करा. मध्ये नऊ फूट, कडांना सात, म्हणजे पाणी वाहून जाईल. त्यावर दोन वेगवेगळे कपडे चढतील अशी सोय ठेवा. जून ते सप्टेंबर २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी पॉली फिल्म. तेव्हा ढगांमुळे उजेड आधीच कमी असतो, म्हणून शेडनेट काढून टाकायचं. मार्च ते मे फिल्म उतरवून ५० टक्क्यांचं शेडनेट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर काहीच नसलं तरी चालतं, तो आपल्याकडचा सोन्यासारखा हंगाम. बाजूंना कीटकरोधक जाळी लावा, हवा खेळेल एवढी मोकळी.

जूनच्या पहिल्या वाऱ्यात चौथ्या मजल्यावरची फिल्म पतंगासारखी उडू पाहते. सांगाड्याचे पाय काँक्रीट भरलेल्या मोठ्या डब्यांत रोवा आणि फिल्म क्लिपांनी बसवा. नुसत्या सुतळीनं बांधलेली फिल्म एका रात्रीत फाटते. वेधशाळेनं वादळाचा इशारा दिला की फिल्म सरळ उतरवून ठेवा. भाजी भिजली तर पुन्हा लावता येते, रस्त्यावर पाइप पडला तर काहीच परत आणता येत नाही.

टाकी, वाफे, पाइप

टाकी पांढरी किंवा फिक्या रंगाची घ्या. काळी टाकीच हाताशी असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. माशांना किमान ५ तरी हवा, म्हणून टाकीवर दिवसभर सावली पाहिजे.

जुन्या निळ्या पिंपांबद्दल एक कळकळीची विनंती. महापे, रबाळे, तुर्भे, तळोजा या पट्ट्यात भंगारात दोनशे लिटरची पिंपं आणि पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या टाक्या स्वस्तात मिळतात. हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा आहे. आधी आत काय होतं ते लेबलावरून खात्रीनं कळत नसेल तर ते पिंप घेऊ नका, कितीही धुऊन दिलं तरी नको. प्लास्टिकच्या भिंतीत मुरलेलं रसायन महिनोन् महिने झिरपतं, आणि ही भाजी आपण घरात खाणार आहोत.

वाफ्यात काय भरायचं हे वजनावर ठरतं. काळी खडी स्वस्त आणि चांगली, पण ३०० लिटरचा एक वाफा पाण्यासकट ६०० किलोच्या आसपास जातो. अंगणात चालेल, गच्चीवर नको. गच्चीसाठी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या, ज्यांना नर्सरीवाले क्ले बॉल्स म्हणतात, त्या घ्या. तोच वाफा २५० किलोच्या आत राहतो. महाग पडतात, पण एकदाच घ्यायच्या. आधी चार वेळा धुवा, नाहीतर लाल गाळानं पंप बसेल. कुठलाही दगड वापरताना मूठभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) सतत वर ढकलेल, तो परत करा.

पाणी वाफ्यात चढून पुन्हा उतरलं पाहिजे, म्हणजे मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. यासाठी घंटेसारख्या झाकणाचा बेल सायफन बरेच जण सुचवतात. मी दोन महिने त्याच्याशी झटले. कधी तो सुरूच होत नसे, कधी थांबतच नसे. नवशिक्यानं टायमर वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. रचना अशी : वाफ्याच्या तळातून एक इंची पाइप २५ सेंटिमीटर उभा काढा. पाण्याची पातळी त्याच्या वर जाणार नाही, जास्तीचं पाणी त्यातून खाली टाकीत पडेल. त्याच पाइपाला तळाशी ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. पंप बंद झाला की उरलेलं पाणी त्या भोकांतून हळूहळू निथळतं. भोवती चिरा पाडलेला चार इंची पाइप बसवा, म्हणजे गोळ्या आणि मुळं आत शिरणार नाहीत आणि वरून हात घालून साफ करता येईल.

दोन्ही वाफ्यांना वेगळे छोटे पंप लावा, तासाला हजार लिटरचे. पहिला तासाच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं, दुसरा अर्ध्या तासानं पंधरा मिनिटं. दोन्ही वाफे एकदम भरले तर टाकीतलं २०० लिटर पाणी एका दमात वर जातं आणि मासे उरलेल्यात दाटीवाटीनं राहतात. आलटून पालटून भरले की हे टळतं, शिवाय एक पंप जळला तर दुसरा असतो. हवेचा पंप मात्र चोवीस तास चालू. वीस वॉटचे दोन पंप आणि दहा वॉटचा हवेचा पंप धरला तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते.

हे सगळं पावसात, पाण्याशेजारी आणि उघड्यावर आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, लावल्याशिवाय प्लग खुपसू नका. वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातूनच खाली ठिबकेल. टाकीत हात घालताना पंप बंद.

पाणी तयार होऊ द्या

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. तेच आपल्या जिवाणूंना आणि माशांना मारतं. टाकी भरून हवेचा पंप लावा आणि दोन दिवस उघडी ठेवा, क्लोरीन उडून जातं. रोजच्या भरतीसाठीही एक बादली कालची भरलेली ठेवायची सवय लावून घ्या.

आता जिवाणूंची वस्ती वाढवायची, माशांशिवाय. कल्हईवाले भांड्यावर टाकायचे तो नवसागर आठवतो? तो म्हणजेच अमोनियम क्लोराइड, जिवाणूंचं पहिलं जेवण. कल्हईचा मात्र घेऊ नका, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून शुद्ध आणा. ५०० लिटरला ४ ग्रॅम पुरे, त्यानं अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या) थोडा वर जातो. विरजण म्हणून ओळखीतल्या कुणाच्या जुन्या मत्स्यपेटीतला फिल्टरचा स्पंज मागा आणि टाकीत पिळा. दह्याला जसं विरजण लागतं तसंच हे, यानं आठवडाभर तरी वाचतो.

थेंबांचं टेस्ट किट घ्या : अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. एक दिवसाआड मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया जागच्या जागी राहील. मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, जांभळा रंग गडद होत जाईल. या टप्प्यावर दहा-बारा दिवस काहीच हलत नाही असं वाटतं. लोणचं मुरायला दिवस लागतात, तसंच हे. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा नवसागर घाला. ज्या दिवशी घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्य होईल आणि नायट्राइटही शून्य दाखवेल, त्या दिवशी पाणी तयार. आपल्या उबदार हवेत याला चार ते सहा आठवडे धरा. मला दुसऱ्या खेपेला चौतीस दिवस लागले. सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, मासे कधी आणणार?" आणि मी वही दाखवायचे.

पीएच ६.५ ते ७ च्या आसपास ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पीएच ७ वरून ८ झाला की त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. जिवाणू काम करतात तसा पीएच हळूहळू उतरतो, ते चांगलंच लक्षण. ६.३ च्या खाली गेला की चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, पुढच्या खेपेला पोटॅशियम बायकार्बोनेट. एकातून झाडांना कॅल्शियम मिळतं, दुसऱ्यातून पोटॅश. दोन्ही माशांच्या खाद्यात कमी पडतात. एका दिवसात पीएच ०.२ पेक्षा जास्त हलवू नका.

मासे

घरी सुरुवात करायला कोई किंवा सायप्रिनस घ्या, नाहीतर गोल्डफिश. काटक असतात, खाद्य पटकन घेतात. तिलापियाच्या पालनाला परवानगी लागते. थाई मांगूर तर घेऊच नका, त्याच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था मत्स्यपालनाची प्रशिक्षणं घेते. जमेल तर तिथलं एखादं करा.

५०० लिटरला बोटभर लांबीचे २५ मासे पुरेत. मोठे होऊन प्रत्येकी २०० ग्रॅम झाले तर ५ किलो, आणि एवढा भार ही टाकी सुखानं पेलते. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग वाटीवाटीनं टाकीतलं पाणी आत घाला, मग मासे सोडा, पिशवीतलं पाणी टाकून द्या. तरंगणारं गोळी खाद्य, ३० टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं, दिवसातून दोनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं जाळीनं काढा.

टाकीवर जाळी हवीच. ठाण्याची खाडी जवळ आहे. खंड्या आणि बगळे पहिल्याच आठवड्यात पत्ता शोधतात. नको झालेले मासे उपवन किंवा मासुंदा तलावात सोडू नका, परदेशी मासा तलावाचा तोल बिघडवतो.

भाजी

पालेभाजीच्या १ चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य लागतं. आता हिशोब करा. २५ पिल्लं, प्रत्येकी १० ग्रॅमची, वजनाच्या ५ टक्के खातील : दिवसाला जेमतेम १२ ग्रॅम. म्हणजे पाव चौरस मीटर भाजी. लोक पहिल्याच दिवशी दोन्ही वाफे गच्च लावतात, पंधरा दिवसांत सगळं पिवळं पडतं, आणि ही शेती फसवी आहे असं म्हणून सोडून देतात. सुरुवातीला एका वाफ्याच्या कोपऱ्यात दहा-बारा रोपं लावा. मासे वाढतील तशी भाजी वाढवा. टोमॅटो, वांगी, मिरचीचा विचार सहा महिन्यांनंतर.

पावसाळ्यात अळू, नाळीची भाजी, पुदिना, मायाळू. अळूला हे पाणी इतकं मानवतं की वडीच्या पानांसाठी मला बाजारात जावं लागत नाही. उन्हाळ्यात लाल माठ, चवळई, अंबाडी. थंडीत पालक, कोथिंबीर, लेट्यूस, नवलकोल. मुळा-गाजराच्या वाटेला जाऊ नका, गोळ्यांमध्ये वाकडे होतात. मातीत वाढलेलं रोप लावताना मुळांची माती बादलीत पूर्ण धुऊन घ्या.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागा, डीटीपीए लिहिलेलं. लोहाचं प्रमाण ११-१२ टक्के असेल तर १० ग्रॅम, पाण्यात विरघळवून, तीन आठवड्यांतून एकदा. टाकी दोन दिवस चहासारखी तांबूस दिसेल, घाबरू नका.

कीड आली की हात बांधलेले असतात. कीटकनाशक तर नाहीच, पण निंबोळी तेल आणि साबणाचं पाणीही टाकीत उतरलं तर माशांना बाधतं. मावा पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, अळ्या हातानं वेचा. फार झाल्या तर बीटी हे जिवाणूजन्य औषध चालतं. आणि डासांची धूरफवारणी किंवा सोसायटीचं पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टाकी प्लास्टिकनं झाका आणि हवेच्या पंपाची नळी बाहेरची हवा ओढणार नाही याची काळजी घ्या. त्या औषधातले पायरेथ्रॉइड माशांचे वैरी आहेत.

डासांचा प्रश्न शेजारी विचारणारच, आणि तो रास्त आहे. टाकीत मासे अळ्या खातात. वाफ्यात पाणी वरच्या थराच्या ५ सेंटिमीटर खालीच राहतं, वर कोरडं, त्यामुळे डासाला अंडी घालायला जागा नाही. कालच्या पाण्याच्या बादलीवर मात्र झाकण हवं. पालिकेची माणसं तपासणीला आली की त्यांना सगळं उघडून दाखवा.

वीज गेली तर, आणि गावाला गेलात तर

वाफ्यांचं पाणी तासभर थांबलं तर काही बिघडत नाही. हवा थांबली तर मे महिन्यात काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप मत्स्यपेट्यांच्या दुकानात मिळतो. मासे आणण्याआधी तो आणा.

मोठ्या पावसात टाकीवर आडवा पाऊस आला तर पाणी भरून वाहतं आणि पीएच झपाट्यानं उतरतो. काठाच्या चार बोटं खाली जाळी लावलेला एक पाइप बाहेर काढून ठेवा आणि अशा रात्रीनंतर सकाळी पीएच मोजा.

गणपतीत आम्ही आठ दिवस कोकणात जातो. मोठे मासे आठवडाभर अर्ध्या खाद्यावर मजेत राहतात. उपाशी माशापेक्षा जास्त खाल्लेल्या माशाची टाकी लवकर बिघडते. म्हणून मी एक दिवसाआडच्या खाद्याच्या चार पुड्या बांधते, प्रत्येकीवर वार लिहिते आणि बाकीचा डबा कपाटात कुलूपबंद करते. शेजारच्या काकूंना किल्ली देते, हवेचे बुडबुडे दिसतात का आणि दोन्ही पंप आपापल्या वेळी चालतात का, एवढं पाहायला सांगते. इलेक्ट्रिशियनचा नंबर स्विचच्या वर चिकटवलेला आहे. आणि निघायच्या आदल्या दिवशी अळूची पानं खुडून काकूंच्या घरी पोचवते, नाहीतर परत येईपर्यंत ती जून होतात.